फ्रीज पहाटे बंद पडतो, दुसरी बॅटरी पुन्हा पुन्हा उतरते: दोष नेमका कुठे शोधायचा

थार असो, जिम्नी, गुरखा, स्कॉर्पिओ किंवा जुनी बोलेरो असो, कॅम्पिंगचा फ्रीज आणि दिवे चालवायला दुसरी बॅटरी बसवलेल्यांची तक्रार बहुतेक एकच असते. घरून निघाल्यावर पहिली रात्र व्यवस्थित जाते. दुसऱ्या रात्री पहाटेच्या सुमारास फ्रीज बंद पडतो. दिवसभर गाडी चालवूनही तिसऱ्या रात्री तेच. घरी परतल्यावर बॅटरीवाला टेस्टर लावतो, 'बॅटरी गेली' म्हणतो, नवी बॅटरी बसते आणि पुढच्या ट्रिपला पुन्हा तोच प्रकार.

अशा बहुतेक गाड्यांत बॅटरी मेलेली असते हे खरं, पण ती उपाशी ठेवून मारलेली असते. तिच्यापर्यंत पुरेसे व्होल्ट पोहोचतच नाहीत. अर्धवट भरलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी आठवडेच्या आठवडे तशीच राहिली की प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि क्षमता कायमची घटते. नवी बॅटरी त्याच वायरिंगवर बसवली तर तिचंही तेच होणार. म्हणून माझा आग्रह असा की नव्या बॅटरीवर एक रुपया घालण्याआधी मोजमाप करा, आणि तेही गाडी चालू असताना, बॅटरीत करंट जात असताना. गाडी बंद करून घेतलेलं रीडिंग या दोषाबद्दल जवळपास काहीच सांगत नाही.

सामान फार लागत नाही. एक बरा डिजिटल मल्टीमीटर आणि एक डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर. क्लॅम्प मीटर घेताना तो डीसी अँपिअर दाखवतो का हे दुकानातच पाहून घ्या. स्वस्तातले बरेच क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतात, आणि गाडीच्या वायरभोवती अडकवले तर शून्य दाखवत राहतात.

आधी हिशोब बसतो का ते पाहा

वायरिंगला दोष देण्याआधी हे पाच मिनिटांचं काम उरका. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रीज चालू असताना साधारण ४ ते ५ अँपिअर ओढतो. थंडीच्या दिवसांत तो तासातला तिसरा हिस्साच चालतो, म्हणजे दिवसाला ३५ एएचच्या (अँपिअर-तासांच्या) आसपास. पण एप्रिल-मेमध्ये कोकणात किंवा विदर्भात, बंद गाडीत, दर तासाला कोमट पाण्याच्या बाटल्या आत टाकत असाल, तर तोच फ्रीज तासातली ३५-४० मिनिटं चालतो आणि खप ६५ ते ७० एएचवर जातो. १०० एएचच्या एजीएम बॅटरीतून (सील केलेली, अ‍ॅसिड न सांडणारी लेड-अ‍ॅसिड बॅटरी) नियमितपणे ५० एएचच वापरायचे असतात. त्याखाली रोज उतरवली तर तिचं आयुष्य झपाट्याने कमी होतं.

दुसरी बाजू भरण्याची. कॅम्पहून निघून चाळीस मिनिटांत पुढच्या कॅम्पला पोहोचत असाल, तर उत्तम वायरिंग असूनही २५ अँपिअरच्या चार्जरने जेमतेम १६-१७ एएच आत जातील. शिवाय लेड-अ‍ॅसिड बॅटरीचे शेवटचे वीस टक्के अतिशय सावकाश भरतात, त्याला कित्येक तास लागतात. ड्रायव्हिंग कमी आणि मुक्काम जास्त असा तुमचा बेत असेल तर उपाय छतावरचं सोलर पॅनल आहे. वायर बदलून ही तूट भरून निघणार नाही. पण रोज तीन-चार तास गाडी चालते आहे आणि तरी बॅटरी रिकामी, असं असेल तर पुढे वाचा.

मुख्य तपासणी: व्होल्ट कुठे गळतात

दुसरी बॅटरी बऱ्यापैकी उतरलेली असतानाच ही तपासणी करा. भरलेली बॅटरी करंट घेतच नाही आणि दोष लपून राहतो. बॅटरी भरलेली असेलच तर आदल्या रात्री फ्रीज आणि दिवे लावून तिला १२.२ व्होल्टच्या आसपास आणा. गाडी मोकळ्या हवेत न्यूट्रलला, हँडब्रेक ओढून, इंजिन साधारण १५०० आरपीएमवर ठेवा. एकट्याने करू नका, एक जण अ‍ॅक्सिलरेटरवर हवा. पंख्याच्या आणि बेल्टच्या जवळ सैल कपडे, ओढणी, मोबाइलची दोरी काहीही नको.

आता क्लॅम्प मीटर दुसऱ्या बॅटरीच्या पॉझिटिव्ह वायरवर लावा आणि किती अँपिअर आत जात आहेत ते लिहून ठेवा. मग मल्टीमीटरची लाल पिन स्टार्टर बॅटरीच्या (म्हणजे गाडीच्या मूळ बॅटरीच्या) पॉझिटिव्हवर आणि काळी पिन दुसऱ्या बॅटरीच्या पॉझिटिव्हवर. मीटरची वायर डिकीपर्यंत पोहोचणार नाही, तेव्हा कुठलीही लांब बारीक वायर जोडून घ्या. मीटरमधून करंट जवळपास जातच नसल्याने बारीक वायरने रीडिंग बिघडत नाही. तिच्या उघड्या टोकाचा बॉडीला स्पर्श होऊ देऊ नका, एवढं मात्र सांभाळा. मीटरवर जो आकडा येईल तेवढे व्होल्ट पॉझिटिव्ह बाजूला वाटेतच गळत आहेत. मग हेच निगेटिव्ह ते निगेटिव्ह करा.

साध्या रिलेच्या (इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्या आपोआप जोडणाऱ्या स्विचच्या) जोडणीत दोन्ही आकड्यांची बेरीज ०.३ व्होल्टच्या आत असली तर वायरिंग उत्तम समजा. ०.५ पर्यंत चालवून घेता येतं. बेरीज ०.८, १ किंवा त्याहून जास्त आली, तर तुमचा चोर सापडला आहे आणि बॅटरी बिचारी निर्दोष आहे.

वायरची जाडी हे यातलं पहिलं कारण. ६ स्क्वेअर एमएमची वायर हाताला जाड लागते, घराच्या मीटरपासून मेन स्विचपर्यंत ती आरामात चालते, म्हणून पुष्कळ इलेक्ट्रिशियन तीच गाडीत घालतात. बॉनेटपासून डिकीपर्यंत बॉडीच्या कडेकडेने गेलं की ५ मीटर सहज लागतात, आणि निगेटिव्हही तशीच ओढली असेल तर येऊन-जाऊन १० मीटर. या लांबीवर ३० अँपिअरला ६ स्क्वेअर एमएमच्या तांब्यात सुमारे ०.८६ व्होल्ट गळतात. १६ स्क्वेअर एमएममध्ये ०.३२ आणि २५ मध्ये ०.२१. घरातल्या २३० व्होल्टमधून पाऊण व्होल्ट गेला तर कुणाला कळणारही नाही. इथे मात्र १४.२ मधून तेवढे गेले की बॅटरीसमोर १३.३ उरतात, आणि त्यावर एजीएम बॅटरी भरत नाही, फक्त रेंगाळते. करंट कमी झाला की गळतीही कमी होते, म्हणून पुणे ते गोवा एका दमात गेलात तर बॅटरी शेवटी भरलेली दिसते. तासा-दीड तासाच्या टप्प्यांत ती कधीच भरत नाही. 'कधी भरते, कधी नाही' असं जे वाटतं त्याचं हे कारण आहे.

वायर विकत घेताना आणखी एक गोष्ट पाहा. कार-ऑडिओच्या किटमध्ये मिळणारी जाडजूड वायर बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची असते. एक तार ब्लेडने खरवडा, आत पांढरी निघाली तर ठेवून द्या. तिच्यातून करंट तांब्याच्या साधारण दोन तृतीयांशच क्षमतेने जातो, आणि समुद्राकाठच्या दमट हवेत तिचे जोड लवकर सडतात. मला सर्वांत पसंत पडते ती शुद्ध तांब्याची वेल्डिंग केबल. ती लवचीक असते, तिचं आवरण दणकट असतं, आणि २५ स्क्वेअर एमएमची केबल पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लोहार चाळीत मीटरवर मिळते. तालुक्याच्या गावी वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात विचारा.

वायर जाड आहे, तरी व्होल्ट गळतात

मग गळती एखाद्या जोडात आहे. वाट तुकड्यांत विभागून मोजत जा. मीटरच्या दोन पिना फ्यूजच्या दोन टोकांवर, मग रिलेच्या दोन बोल्टवर, मग लग (वायरच्या टोकाला चेपून बसवलेली धातूची कडी) आणि टर्मिनलमध्ये. चांगल्या रिलेवर ०.१ व्होल्टपेक्षा कमी दिसायला हवेत. ज्या दोन बिंदूंमध्ये आकडा उडी मारतो, तिथे दोष. हाताने तपासूनही कळतं. करंट जात असताना अर्ध्या तासाने जो फ्यूज होल्डर किंवा लग गरम लागतो, तोच आपले व्होल्ट खातो आहे. बॉनेटखाली इंजिनच्या उष्णतेमुळे हा अंदाज चुकू शकतो, म्हणून मीटरवरच विश्वास ठेवा.

लग पक्कडीने चेपलेला किंवा हातोडीने ठोकलेला असेल तर तो कापून टाका आणि हायड्रॉलिक क्रिंपरने नवा बसवून घ्या. नुसता सोल्डर केलेला जोड मला ऑफ-रोड गाडीत पटत नाही. सोल्डर जिथे संपतो तिथे तार कडक होते आणि हादऱ्यांनी नेमकी तिथेच तुटते. एक-एक तार तुटत जाते आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

निगेटिव्ह बाजू तर सगळ्यांत दुर्लक्षित. डिकीतल्या बॅटरीची अर्थ (बॉडीला जोडलेली निगेटिव्ह वायर) जवळच्या सीटच्या बोल्टला किंवा पत्र्यात मारलेल्या स्क्रूला दिलेली असते. खाली रंग असतो, रंगाखाली प्रायमर, आणि एक पावसाळा गेला की गंज. चॅसिस वेगळी असलेल्या गाड्यांत, म्हणजे थार, स्कॉर्पिओ, बोलेरो, गुरखा आणि जिम्नी या सगळ्यांतच, बॉडी रबरी माउंटवर बसलेली असते. त्यामुळे बॉडीला दिलेली अर्थ इंजिनपर्यंत कंपनीच्या पातळ पट्टीतून फिरून येते. ३० अँपिअर तिच्यातून जाणं अपेक्षितच नसतं. रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडा, दातेरी वॉशर घाला, बोल्ट आवळल्यावर वरून व्हॅसलिन किंवा टर्मिनल ग्रीस लावा. सगळ्यात खात्रीचं म्हणजे पॉझिटिव्हच्याच जाडीची निगेटिव्ह केबल इंजिनजवळच्या मुख्य अर्थ पॉइंटपर्यंत न्या.

इथे एक सावधगिरी. नव्या गाड्यांत स्टार्टर बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. तुमची केबल थेट बॅटरीच्या खुंटीवर न लावता सेन्सरच्या पलीकडे, चॅसिसच्या बाजूला लावा. खुंटीवर लावली तर दुसऱ्या बॅटरीचा करंट सेन्सरला दिसत नाही आणि गाडीचा स्वतःचा चार्जिंगचा हिशोब चुकतो.

पहिली वीस मिनिटं चार्ज होते, मग थांबते

हे लक्षण दिसलं की वायर बाजूला ठेवा आणि अल्टरनेटरकडे पाहा. जुन्या गाडीचा अल्टरनेटर इंजिन चालू असेपर्यंत साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट देत राहतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, आणि त्याच्या आगेमागे इंधन वाचवण्यासाठी बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरचा ताबा इंजिनच्या संगणकाकडे गेला. स्टार्टर बॅटरी भरली असं त्याला वाटलं की तो व्होल्टेज १२.६-१२.९ पर्यंत खाली आणतो, आणि उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला की पुन्हा वर नेतो. दुसऱ्या बॅटरीचं त्याला काहीच माहीत नसतं.

व्होल्टेजवर चालणारा रिले, ज्याला व्हीएसआर म्हणतात, तो साधारण १३.३ व्होल्टला जोडतो आणि १२.८ ला तोडतो. म्हणजे हायवेला लागल्यावर थोड्याच वेळात तो दुसरी बॅटरी सोडून देतो. खात्री करायला लायटरच्या सॉकेटमध्ये एक व्होल्टमीटर लावा आणि तासभर चालवून पाहा. आकडा १३ च्या खाली जाऊन तिथेच राहत असेल तर कितीही महाग व्हीएसआर आणला तरी उपयोग नाही. काही गाड्यांत हेडलाइट लावून ठेवले की व्होल्टेज वर राहतं. ट्रिपच्या मध्यात अडकलात तर तेवढ्यापुरतं करून पाहा.

कायमचा उपाय डीसी-डीसी चार्जर. तो आत आलेले १२.५ व्होल्टसुद्धा चढवून बॅटरीला १४.४ देतो. पण तो बसवूनही 'थोडा वेळ चालतो, मग बंद' ही तक्रार येतेच, आणि त्यामागे बहुधा इग्निशनची वायर न जोडणं हे कारण असतं. या वायरीमुळे चार्जरला इंजिन चालू असल्याचं कळतं आणि तो कमी व्होल्टेजवरही काम करत राहतो. ती मोकळी सोडली तर व्होल्टेज उतरलं की गाडी बंद झाली असं समजून तो थांबतो. ही वायर सतत करंट असलेल्या फ्यूजला लावू नका, नाहीतर रात्रभर तो स्टार्टर बॅटरी रिकामी करत बसेल. चावी फिरवल्यावरच जागा होणारा फ्यूज शोधा.

चार्जर शक्यतो दुसऱ्या बॅटरीच्या जवळ बसवा. वाटेतली गळती मग त्याच्या आधी होते आणि तो ती भरून काढू शकतो. २५ अँपिअरचा चार्जर आत मात्र ३३ अँपिअरच्या आसपास ओढतो, म्हणून चार्जरकडे येणाऱ्या वायरीची जाडी त्या हिशोबाने घ्या. बॉनेटखाली, टर्बोच्या शेजारी चार्जर लावू नका. तापला की तो स्वतःला वाचवण्यासाठी करंट कमी करतो, आणि घाट चढताना चार्जिंग अर्ध्यावर येण्याचं रहस्य अनेकदा एवढंच असतं. बॅटरीचा प्रकार सेटिंगमध्ये बरोबर निवडला आहे का हेही बघा. जेल आणि एजीएमच्या व्होल्टेजमध्ये फरक आहे, आणि लिथियमला ते दोन्ही चालत नाहीत.

रिले सारखा टक-टक करतो

उतरलेली बॅटरी जोडली की ती व्होल्टेज खाली खेचते, रिले तोडतो, व्होल्टेज वर येतं, रिले पुन्हा जोडतो. दर काही सेकंदांनी हाच आवाज येत राहिला तर रिलेची स्वतःची बारीक अर्थ वायर आणि स्टार्टर बॅटरीकडचा जोड आधी तपासा. तिथला सैल लग हे सर्वांत जास्त आढळणारं कारण आहे. तो ठीक असेल तर अल्टरनेटरचं व्होल्टेज वर सांगितल्याप्रमाणे पाहा.

सकाळी गाडीच सेल्फ घेत नाही

दोन बॅटऱ्या बसवून स्टार्टरची बॅटरी उतरली तर सगळ्या खटाटोपाला अर्थ काय, असं वाटणं साहजिक आहे. इंजिन बंद करून पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि दोन्ही बॅटऱ्यांचे व्होल्ट मोजा. मग फ्रीज लावा आणि पुन्हा मोजा. दोन्हींचा आकडा शंभरावा हिस्सासुद्धा तंतोतंत सारखा येतो आणि दोन्ही एकत्रच खाली जातात, तर रिले सुटलेलाच नाही. काही वेळा त्याचे कॉन्टॅक्ट चिकटलेले असतात. स्टार्टरला वापरतात तसला सोलेनॉइड इथे लावला असेल तर हे होणारच, कारण तो काही सेकंदांच्या कामासाठी असतो.

दुसरं कारण नवं आहे आणि वाढत चाललं आहे. एजीएम काढून त्या जागी लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी ठेवली, रिले मात्र जुनाच. ही बॅटरी निवांत असतानाही १३.२-१३.३ व्होल्टवर असते, त्यामुळे १२.८ ला तुटणाऱ्या रिलेला गाडी चालूच आहे असं वाटत राहतं. लिथियम घ्यायची असेल तर रिले काढून डीसी-डीसी चार्जर लावा. यात मधला मार्ग नाही.

आणि फ्रीज नेमका कुठल्या सॉकेटला लावला आहे हेही बघा. डिकीतलं कंपनीचं सॉकेट स्टार्टर बॅटरीवरच असतं. दुसऱ्या बॅटरीपासून फ्रीजपर्यंत स्वतंत्र ४ किंवा ६ स्क्वेअर एमएमची वायर आणि अँडरसन प्लग (हादऱ्यांत न सुटणारा, जास्त करंटचा प्लग) द्या. लायटरचं सॉकेट खड्ड्यांत सैल होतं, गरम होतं, आणि कॉम्प्रेसर चालू होताना फ्रीजजवळचं व्होल्टेज अर्धा व्होल्ट तरी पडतं. मग बॅटरीत जीव असूनही फ्रीजचं संरक्षण त्याला बंद करतं. फ्रीजमधला बॅटरी-संरक्षणाचा स्विच 'हाय'वर असेल तर दुसरी बॅटरी असलेल्या गाडीत तो 'मीडियम'वर आणा.

फ्यूजबद्दल, न टाळता

दोन बॅटऱ्यांमधल्या केबलला दोन्ही टोकांना जीव असतो. म्हणून फ्यूजही दोन्ही टोकांना हवेत, प्रत्येक बॅटरीपासून वीतभर अंतरात. एकाच टोकाला फ्यूज असलेली केबल दुसऱ्या बाजूने दगडावर घासली, सोलली आणि चॅसिसला लागली तर तिला थांबवणारं कुणी नसतं. गाडी मिनिटांत पेटते. पत्र्याच्या भोकातून जाते तिथे ग्रोमेट (रबरी कडं), बाकी सगळीकडे कॉरुगेटेड पाइप. आणि केबिनमध्ये घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी कृपा करून ठेवू नका. ती चार्ज होताना हायड्रोजन सोडते, आणि गाडी कलली की अ‍ॅसिड सांडतं. १०० एएचची एजीएम बॅटरी पंचवीस ते तीस किलोची असते, तिला फ्लोअरला बोल्टने आवळलेली लोखंडी चौकट हवी. बॅटरी नुसत्या बेल्टने बांधू नका.

गाडी उभी असतानाच उतरते

दोन ट्रिपच्या मध्ये महिनाभर गाडी उभी राहिली की बॅटरी रिकामी, असं होत असेल तर सगळं बंद करून निगेटिव्हमधून किती करंट जातो ते मोजा. यूएसबी सॉकेटचे निळे दिवे, इन्व्हर्टरचा स्टँडबाय, डॅशकॅम मिळून ०.२ अँपिअर जरी ओढत असले तरी आठवड्याला ३३ एएच जातात. एक आयसोलेटर स्विच (बॅटरी पूर्णपणे तोडणारा) बसवा आणि घरी आलात की तो बंद करा.

स्पीती-लडाखला थंडीत जाणाऱ्यांसाठी वेगळं लक्षण: सकाळी लिथियम बॅटरी चार्जिंग घेतच नाही, चार्जर ठीक, वायरिंग ठीक. शून्य अंशाखाली तिची अंतर्गत सर्किट चार्जिंग अडवते, आणि ते योग्यच करते. केबिन तापू द्या, तासाभराने पुन्हा बघा. वर्षानुवर्षे तिकडेच जायचं असेल तर हीटर असलेली बॅटरी घ्या.

हे सगळं तपासून आकडे ठीक आले, तर मग बॅटरीची पाळी. घरच्या चार्जरने ती पूर्ण भरा, चार-पाच तास निवांत ठेवा. एजीएम असेल तर १२.८ च्या आसपास दिसायला हवी. मग हेडलाइटचा ६० वॅटचा बल्ब लावा, तो साधारण ५ अँपिअर ओढतो. १०० एएचच्या बॅटरीवर दहा तास चालवा, बल्ब काढा, पुन्हा काही तास थांबून मोजा. १२.२ च्या जवळपास असेल तर बॅटरी तंदुरुस्त आहे. ११.८ किंवा त्याखाली गेली असेल, तर आता खुशाल नवी आणा.